मूत्राची साक्ष
[मूत्राशयाच्या कर्करोगानंतरच्या तपासण्यांविषयीं नभोवाणीवरील भाषण]

रोग्याच्या मूत्रावरून रोगाची परीक्षा करण्याची कल्पना आपल्याकडे मुळींच नवी नाहीं. नाडी, जिव्हा, नेत्र इत्यादि ज्या आठ परीक्षा आपल्या वैद्यांनीं सांगितल्या, त्यांत मूत्रपरीक्षा ही एक आहे. 'योगरत्नाकर' या ग्रंथांत तर मूत्रावर तेलाचा थेंब सोडून तो कसा पसरतो हें पाहण्याची व त्यावरून रोग साध्य कीं असाध्य तें ठरविण्याची रीत दिली आहे. युरोपांतहि मध्ययुगीन वैद्याची ओळख म्हणजे त्याच्या हातांतील मूत्राचा कांचेचा चंबू. आज त्या स्वरूपांत ती परीक्षा मागें पडली. पण शरीराच्या आंत काय चाललें आहे तें बाहेर आलेल्या द्रवावरून कळावें, ही जी तिच्या मुळाशीं असलेली अपेक्षा, ती मात्र अद्याप जिवंत आहे. मूत्राशयाच्या कर्करोगांत ही अपेक्षा अगदीं स्वाभाविक वाटते. ती कितपत पुरी होते, एवढेंच आज मला आपल्यापुढें मांडावयाचें आहे.

समजा, ६२ वर्षांचे एक गृहस्थ आहेत. तरुणपणापासून सिगारेटची संवय. एके दिवशीं सकाळीं लघवी लाल झाली. दुखलें-खुपलें कांहीं नाहीं. दुसऱ्या दिवशीं ती आपोआप स्वच्छहि झाली. पण घरच्या मंडळींनीं आग्रहानें त्यांना रुग्णालयांत नेलें. दुर्बिणीनें मूत्राशयांत पाहिलें, तों आंत एक लहानशी गांठ आढळली. मूत्रमार्गांतूनच उपकरण घालून ती खरवडून काढली. पोटावर टांका नाहीं, कांहीं नाहीं. चार दिवसांत गृहस्थ घरीं आले. गांठ वरच्या थरापुरतीच होती, खालच्या स्नायूंत शिरलेली नव्हती, असा अहवाल आला आणि सर्वांच्या जिवांत जीव आला. परंतु डॉक्टर म्हणाले, "तीन महिन्यांनीं पुनः दुर्बीण घालून पाहावयाचें, आणि त्यानंतरहि वेळोवेळीं, कित्येक वर्षें." तेव्हां त्यांच्या चिरंजिवांनीं सहज विचारलें, "डॉक्टरसाहेब, बाबांना दर वेळीं हा त्रास कशाला? नुसती लघवी तपासून नाहीं का भागायचें?"

प्रश्न सरळ आहे. त्याचें उत्तर मात्र एका शब्दांत देण्याजोगें नाहीं. तें चुकीचें समजल्यामुळें कांहीं रोगी दुर्बिणीची तारीख चुकवितात, तर कांहीं जण निष्कारण भयभीत होतात. म्हणून तें थोडें सविस्तर पाहूं.

प्रथम, गांठ काढल्यावरहि इतका पहारा कशासाठीं? मूत्राशयाच्या कर्करोगाचें निदान होतें त्या वेळीं सुमारें चारांपैकीं तीन रोग्यांत तो वरच्या थरांतच असतो, ही त्यांतली सुदैवाची गोष्ट. पण या रोगाचा दुसरा गुण असा कीं, तो परत परत उद्भवतो. युरोपांतील कित्येक रुग्णालयांच्या रोग्यांचा एकत्रित अभ्यास २००६ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत रोग्यांच्या गांठींचा आकार, संख्या व प्रत यांवरून गट पाडले होते. सर्वांत सौम्य गटांत पांच वर्षांच्या आंत शेंकडा ३१ जणांत, आणि सर्वांत उग्र गटांत शेंकडा ७८ जणांत गांठ पुनः उद्भवण्याचा संभव दिसून आला. म्हणजे गांठ काढणें हा या प्रकरणाचा शेवट नव्हे. तो पहिला अध्याय होय.

असें कां व्हावें? याचें उत्तर मूत्रांतच आहे. १८९५ सालीं फ्रॅंकफुर्ट येथील शस्त्रवैद्य लुडविग रेन यांनीं अशी एक गोष्ट उघडकीस आणली कीं, फ्युक्सिन नांवाचा रंग तयार करणाऱ्या कारखान्यांतील कांहीं कामगारांच्या मूत्राशयांत गांठी झाल्या आहेत. पुढें कळून आलें कीं, रंगाच्या धंद्यांतील कांहीं रासायनिक द्रव्यें श्वासावाटे व त्वचेवाटे शरीरांत शिरतात, मूत्रपिंड तीं रक्तांतून गाळून काढतात, आणि मग तीं मूत्रांत मिसळून तासन् तास मूत्राशयाच्या अस्तराशीं संलग्न राहतात. तंबाखूच्या धुरांतहि त्याच जातीचीं द्रव्यें आहेत. आणि या रोगाच्या सर्व कारणांत धूम्रपान हें आज सर्वांत मोठें कारण मानलें जातें. आतां, हें विषारी मूत्र केवळ गांठ आली त्याच जागेला लागलें असें नाहीं. सबंध अस्तर त्यांत वर्षानुवर्षें भिजलें आहे. एके जागीं गवत उगवलें तें उपटलें, तरी साऱ्या शेतांत बीं पडलेलें आहे, अशांतला हा प्रकार. शिवाय पहिल्या गांठीच्या कांहीं पेशी सुटून दुसरीकडे रुजण्याचा, किंवा एखादी बारीक गांठ नजरेंतून सुटण्याचाहि संभव असतो.

पण विष वाहून आणणारें मूत्र हेंच त्या विषाच्या परिणामाचें साक्षीदारहि आहे. मूत्राशयाच्या अस्तराच्या जुन्या पेशी सतत गळून मूत्रांत पडत असतात. त्याबरोबर गांठीच्या पेशीहि पडतील, हें उघड आहे. १८५६ सालींच प्राग येथील डॉक्टर विलेम लांबल यांनीं सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं मूत्रांतील अशा कर्करोगी पेशींचें वर्णन केलें होतें. त्यानंतर १९४५ सालीं न्यूयॉर्क येथें जॉर्ज पापानिकोलाऊ व मार्शल यांनीं मूत्राचा गाळ कांचेच्या पट्टीवर पसरून, रंगवून, पेशी ओळखण्याची पद्धति प्रसिद्ध केली. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगासाठीं स्त्रियांची जी 'पॅप' तपासणी होते, ती ज्यांच्या नांवानें ओळखली जाते तेच हे पापानिकोलाऊ. आज अहवालावर 'युरिन सायटॉलॉजी' असें जें लिहिलेलें असतें, ती हीच परीक्षा.

मग अडचण कोठें आहे? अडचण साक्षीदाराच्या नजरेंत आहे. मूत्राशयाच्या गांठींच्या ढोबळ मानानें दोन प्रती असतात. एक सौम्य, अहवालांत तिला 'लो ग्रेड' म्हणतात. दुसरी उग्र, म्हणजे 'हाय ग्रेड'. उग्र गांठीच्या पेशी बेढब, मोठ्या व काळ्याभोर केंद्राच्या असतात, आणि एकमेकींना धरून न राहतां सहज गळून पडतात. गर्दीत दरोडेखोर शिरावा, तशा त्या तज्ज्ञाच्या नजरेस भरतात. सौम्य गांठीच्या पेशी मात्र निरोगी पेशींसारख्याच दिसतात व गळतातहि कमी. साधा माणूस आणि साध्या माणसाच्या वेषांतला चोर यांतला भेद केवळ चेहऱ्यावरून कसा ओळखावा? म्हणूनच एका अभ्यासांत या परीक्षेनें उग्र गांठींपैकीं शेंकडा ८४ पकडल्या, तर सौम्य गांठींपैकीं अवघ्या शेंकडा १६. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'पॅरिस पद्धती'नें तर ही मर्यादा स्पष्ट कबूल करून अहवालाची भाषाच बदलली. त्या पद्धतीप्रमाणें तज्ज्ञ 'कर्करोग नाहीं' असें लिहीत नाहीं. 'उग्र कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहींत' एवढेंच लिहितो. या दोन वाक्यांतील अंतर प्रत्येक रोग्यानें व त्याच्या घरच्यांनीं मनांत पक्कें ठसवून घ्यावें.

पेशींचा चेहरा फसवितो, तर त्यांच्या अंतरंगांत डोकावूं, असा विचार पुढील संशोधकांनीं केला. प्रथम, गांठीमुळें मूत्रांत वाढणारीं कांहीं प्रथिनें मोजण्याच्या परीक्षा निघाल्या. त्या सोप्या व झटपट आहेत. पण मूतखडा, जंतुदोष किंवा नुसता रक्तस्राव झाला तरी तीं प्रथिनें वाढतात, आणि परीक्षा खोटी हांक देते. त्यानंतर गुणसूत्रांवर नजर गेली. पेशींच्या ३, ७ व १७ या क्रमांकांच्या गुणसूत्रांची संख्या वाढली आहे काय, आणि ९ व्या क्रमांकाच्या गुणसूत्राचा एक तुकडा नाहींसा झाला आहे काय, हें चकाकणाऱ्या खुणा लावून पाहण्याची परीक्षा या शतकाच्या आरंभीं प्रचारांत आली. अलीकडे जनुकांतील बिघाड, त्यांच्यावरील रासायनिक खुणा, आणि जनुकांनीं पेशीला दिलेले संदेश मूत्रांतून वाचणाऱ्या परीक्षाहि निघाल्या आहेत. त्यांतील कांहींची दृष्टि जुन्या परीक्षेहून खरोखर तीक्ष्ण आहे.

येथें एक लहानसें गणित सांगणें भाग आहे. कारण कोणत्याहि परीक्षेची किंमत या गणिताशिवाय कळत नाहीं. आकडे केवळ समजुतीसाठीं घेतों. समजा, गांठ काढलेले १,००० रोगी तपासणीस आले, व त्यांपैकीं १०० जणांत गांठ पुनः उद्भवली आहे. परीक्षा चांगली आहे : १०० पैकीं ९० गांठी ती पकडते, आणि ज्यांना गांठ नाहीं अशा १०० पैकीं ८५ जणांना 'नाहीं' असेंच सांगते. तर काय होईल? खऱ्या ९० रोग्यांना धोक्याची सूचना मिळेल. पण उरलेल्या ९०० निरोगी माणसांपैकीं १३५ जणांनाहि ती मिळेल. एकूण सूचना २२५. त्यांतील १३५ खोट्या! उलट, ७७५ जणांना 'सर्व ठीक' असें सांगितलें जाईल, आणि त्यांत १० जण असे असतील कीं ज्यांच्या मूत्राशयांत गांठ वाढत आहे. म्हणजे अहवाल वाईट आला म्हणून रोग परतला असें सिद्ध होत नाहीं. आणि अहवाल चांगला आला म्हणून तो नाहींच असेंहि सिद्ध होत नाहीं. हा परीक्षेचा दोष म्हणण्यापेक्षां, परीक्षा म्हणजे काय हें न समजल्याचा दोष होय.

त्या दहा जणांचें काय होतें? गांठ सौम्य असेल तर बहुधा फारसें बिघडत नाहीं. ती हळूहळू वाढते, व कांहीं महिन्यांनीं दुर्बिणींत दिसली तरी काढून टाकतां येते. पण ती उग्र असेल, तर तेच महिने मोलाचे असतात. गांठ वरच्या थरांत आहे तोंवर मूत्राशय वांचविणें पुष्कळदां शक्य असतें. ती स्नायूंत उतरली, कीं मूत्राशयच काढून टाकण्याची किंवा तितक्याच जड उपचारांची वेळ येते. 'लघवी स्वच्छ आहे' या समाधानावर तारीख चुकविणाऱ्या माणसाच्या पदरांत पडणारा धोका तो हा.

आतां दुर्बिणीकडे वळूं. १८७९ सालीं मॅक्स निट्झे यांनीं व्हिएन्ना येथें मूत्राशयांत पाहण्याचें आपलें उपकरण लोकांपुढें मांडलें. त्या वेळीं आंत उजेड पाडण्यासाठीं प्लॅटिनमची तापलेली तार वापरीत, आणि ती थंड राहावी म्हणून सभोंवार पाणी खेळवीत! आजची तपासणीची दुर्बीण बारीक व लवचिक असते. बधिर करणारें मलम आंत सोडून ती घालतात, आणि कांहीं मिनिटांत काम संपतें. पुढें एकदोन दिवस जळजळ, क्वचित् थोडें रक्त, क्वचित् जंतुदोष, एवढा त्रास संभवतो. रोग्याला ती नकोशी वाटावी यांत नवल नाहीं. परंतु मूत्राशयांतील गांठ प्रत्यक्ष पाहणारा, तिची जागा व आकार सांगणारा साक्षीदार हाच.

असें असलें तरी दुर्बीणहि सर्वज्ञ नाहीं. उग्र कर्करोगाचा एक प्रकार असा आहे कीं, तो गांठीच्या रूपानें वर येतच नाहीं. अस्तरावर मखमलीसारख्या लाल डागाच्या रूपानें सपाट पसरतो, आणि सूज आलेल्या जागेंत व त्यांत भेद करणें कठीण जातें. शिवाय मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत येणाऱ्या नळ्यांचें अस्तरहि त्याच जातीचें असतें. तेथें रोग उद्भवला तर मूत्राशयाच्या दुर्बिणीला तो दिसत नाहीं. या दोन्ही ठिकाणीं मूत्राची साक्ष उपयोगी पडते. कारण त्या उग्र पेशी गळून मूत्रांत येतात. आंत गांठ दिसत नाहीं पण मूत्रांत उग्र पेशी आहेत, असें झालें कीं डॉक्टर शोध थांबवीत नाहींत. ते नळ्यांची चित्रें घेतात, अस्तराचे तुकडे काढून तपासतात. नेदरलंडमधील एका अभ्यासांत, जो २०१० सालीं प्रसिद्ध झाला, आणखी एक मनोवेधक गोष्ट दिसली. मूत्रपरीक्षेंत दोष निघाला आहे हें दुर्बीण घालणाऱ्या डॉक्टरांना आधींच ठाऊक असलें, तर त्यांना अधिक गांठी सांपडत. पहारेकऱ्याला 'आज सावध राहा' असें सांगितलें तर तो अधिक डोळसपणें पाहतो, हा मनुष्यस्वभावच होय.

तेव्हां मूत्र व दुर्बीण हे प्रतिस्पर्धी नव्हेत, एकमेकांचे सोबती होत. कोणाच्या बाबतींत किती सोबत हवी, हें गांठीच्या प्रतीवर ठरतें. युरोपांतील मूत्ररोगतज्ज्ञांच्या नियमांप्रमाणें सौम्य, कमी धोक्याच्या रोग्याची दुर्बीण तीन महिन्यांनीं करावी. ती निर्दोष निघाली तर पुढची नऊ महिन्यांनीं, आणि मग वर्षांतून एकदां पांच वर्षेंपर्यंत. उग्र, अधिक धोक्याच्या रोग्यांत मात्र दुर्बीण व मूत्रांतील पेशींची परीक्षा या दोन्ही पहिलीं दोन वर्षें दर तीन महिन्यांनीं, पांचव्या वर्षापर्यंत दर सहा महिन्यांनीं, आणि त्यानंतर दर वर्षीं व्हाव्यात. मधल्या गटाचें वेळापत्रक या दोहोंच्या मधलें. अमेरिकेंतील तज्ज्ञांचे नियमहि मूत्रांतील नव्या परीक्षांना दुर्बिणीच्या जागीं बसवूं नये असेंच सांगतात. दुर्बिणीच्या कांहीं पाळ्यांऐवजीं मूत्रपरीक्षा करून पाहण्याचे प्रयोग डेन्मार्कसारख्या देशांत झाले आहेत, आणि पुढेंमागें काहीं रोग्यांचा त्रास त्यामुळें खरोखर कमी होईलहि. पण तो निर्णय तज्ज्ञानें आंखलेल्या योजनेंत व्हावयाचा असतो. रोग्यानें घरीं बसून घ्यावयाचा नसतो.

आतां घरच्या मंडळींच्या उपयोगाच्या चार गोष्टी. मूत्रांतील पेशींच्या परीक्षेसाठीं सकाळीं उठल्यावरची पहिली लघवी देऊं नये. मधुमेहासारख्या कित्येक तपासण्यांत सकाळचीच लघवी मागतात, म्हणून हा घोटाळा नेहमीं होतो. पण रात्रभर सांचलेल्या मूत्रांत पेशी कुजून ओळखूं येईनाशा होतात. म्हणून त्यानंतरची ताजी लघवी द्यावी, ती पुरेशी द्यावी, आणि बाटली उन्हांत किंवा घरांत पडून न राहतां लौकर प्रयोगशाळेंत पोंचवावी. दुसरी गोष्ट, लघवींत जळजळ असेल, नुकताच जंतुदोष झाला असेल, मूतखडा असेल, किंवा नळी घातलेली असेल तर तसें आधीं सांगावें.

तिसरी गोष्ट बी. सी. जी. ची. आपल्या मुलांच्या दंडावर क्षयाची जी लस टोंचतात, तीच लस मूत्राशयांत सोडल्यानें उग्र गांठी पुनः होण्याला आळा बसतो, हें १९७६ सालीं कॅनडांतील डॉक्टर मोरालेस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें. आणि आज तो मान्य उपचार आहे. पण ही लस अस्तराला मुद्दाम सूज आणूनच काम करते. त्यामुळें त्या काळांत मूत्रांतील पेशी वेड्यावांकड्या दिसतात व कांहीं परीक्षा खोट्या हांका देतात. बी. सी. जी. चालू आहे किंवा नुकतीच झाली आहे, हें नमुन्याच्या चिठ्ठीवर लिहिलेलें असावें.

चौथी गोष्ट रक्ताची. कागदाची पट्टी बुडवून मूत्रांतील रक्त तपासतां येतें. परंतु या रोगांत रक्त येतें आणि थांबतें, पुनः येतें आणि थांबतें. म्हणून पट्टी स्वच्छ निघाली तर निश्चिंत होऊं नये. उलट डोळ्यांना रक्त दिसलें, मग तें एकदांच कां असेना, तर पुढच्या तारखेची वाट न पाहतां डॉक्टरांना कळवावें. आणि या सर्वांहून महत्त्वाचें तें धूम्रपान सोडणें. ज्या मूत्राची आपण इतक्या काळजीनें परीक्षा करतों, त्यांत रोज नवें विष कालवीत राहणें हें कोणत्या न्यायानें शहाणपणाचें म्हणावयाचें?

आपल्या गृहस्थांच्या चिरंजिवांचा प्रश्न अजून उभा आहे : नुसती लघवी तपासून नाहीं का भागायचें? त्यांना मी असें सांगेन. बाबांच्या गांठीची प्रत कोणती होती, हें आधीं डॉक्टरांना विचारून घ्या. ती सौम्य असेल तर दुर्बिणीच्या पाळ्याच थोड्या आहेत. तेवढ्या निमूटपणें सोसाव्या. ती उग्र असेल तर लघवीची तपासणी अवश्य करा, पण दुर्बिणीच्या जोडीनें. अहवाल चांगला आला तर आनंद माना, पण तारीख पुसूं नका. वाईट आला तर घाबरूं नका. तो निकाल नव्हे, पुढच्या चौकशीची सूचना आहे. न्यायासनापुढें एकाच साक्षीदारावर खटला सहसा उभा राहत नाहीं. मग आपल्या माणसाच्या जिवाचा निवाडा तरी एका बाटलीवर कां सोडावा? भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत पुढची तारीख आजच लाल अक्षरांत लिहून ठेवावी, आणि त्या दिवशीं बाबांबरोबर घरांतील कोणीतरी जावें. पुष्कळ वेळां दुर्बिणीपेक्षां एकटेंपणाचीच भीति अधिक असते.